रुजू व्हायचा दिवस

सरकारी योजनेतला रुग्णसेवेचा कोर्स पुरा करून सून पहिली आली आणि तिला हॉस्पिटलातून नोकरीचं पत्रही आलं. पण चार दिवस झाले, ते पर्समधून बाहेर निघालंच नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या सासूला "आता मी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच घरी नसणार" असं सांगायचं कोणत्या तोंडानं? नवरा कायम फिरतीवर. शेजारीण तासभर बघेल, पण दिवसभर कोण बघणार?

रुजू व्हायच्या दिवशी सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दूध उतू गेलं. सासूच्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं.

"काय बिनसलंय गं तुझं?" सासूनं विचारलं.

"कुठे काय, आई!"

सवासातला तिनं मनावर दगड ठेवला. 'येऊ शकत नाही' असं कळवायला मोबाईल हातात घेतला, तोच बेल वाजली. दारात तिच्याच वर्गातली मैत्रीण, अंगावर युनिफॉर्म.

"तू इथे कशी?"

"माझी पहिली ड्युटी इथेच लागलीय. परवा नोकरीबद्दल तुझं अभिनंदन करायला फोन केला, तो आजींनी घेतला. माझ्याकडूनच आमच्या रुग्णसेवा केंद्राचा नंबर घेऊन त्यांनी स्वतःसाठी माणूस मागवलं."

सून वळली. सासू उशीला टेकून तिच्याकडेच बघत होती.



"बघतेस काय? पळ! पहिल्याच दिवशी उशीर झाला, तर लोक म्हणतील सासूनं अडवलं."