बंबातलं पाणी

हौसाने बंबात आणखी दोन ढलप्या सारल्या. तिचा नवरा निवृत्ती आज शाळेच्या सहलीची बस घेऊन घाट चढून येणार होता, आणि तिच्या टपरीवर थांबून अंघोळ करणार होता. तसा बंब एरवीही पेटता ठेवावाच लागे. नव्या बसगाड्यांचा टप, म्हणजे छत, अशा धातूचा असे की चेपला, तरी ऊन लागताच आपोआप मूळ आकारात येई. पण धुक्यात त्याला कढत पाणीच लागे. घाटातल्या टपरीवाल्यांचं ते कामच होऊन बसलं होतं.

खालच्या वळणावर धाडकन आवाज झाला. हौसा बंबातलं सगळं पाणी घागरीत काढून धावली.

दाट धुक्यात बस कोलांट्या खाऊन पुन्हा चाकांवर आली होती. पुढचा टप निवृत्तीच्या छातीवर बसला होता. मागे पोरं दबून रडत होती. पाणी एकीकडेच पुरणारं होतं. तिने घागर नवऱ्याकडे वळवली.

"हितं नगं," तो कसाबसा बोलला. "मागं वत. लेकरं हायती."

"आन् तुमी?"

"दुसरं तापव की. मी हाय."

तिने मागे ओतलं. टप करकरत वर उठला. सहलीबरोबर आलेले मास्तर पोरांना बाहेर ओढू लागले. हौसा पुन्हा वर पळाली, बंब भरून जाळ घालत राहिली.

ती घागर घेऊन उतरली, तोवर धुकं विरून लख्ख ऊन पडलं होतं. पुढचा टप जागच्या जागी सरळ झाला होता. निवृत्ती सीटला टेकून डोळे मिटून बसला होता, छाती हलत नव्हती.

मास्तरांनी मान खाली घालून घागर घ्यायला हात पुढे केला.

"असू द्या, मास्तर," ती म्हणाली. "त्यांच्या अंघोळीचं हाय."