तिसरा फॅनबेल्ट

बायको गेल्यापासून चार महिन्यांत माझ्या ॲम्बेसेडरचा तिसरा फॅनबेल्ट तुटला. दर वेळी घाट लागायच्या आधीच इंजिन तापायचं आणि गाडी उभी राहायची. कोरेगावच्या कुतुबुद्दीन मिस्त्रीचा या जुन्या गाडीवर पहिल्यापासून डोळा होता, म्हणून या वेळी मी त्याच्या शेजारीच उभा राहिलो. बॉनेटखाली वाकून मी पुल्यांवर दोरा ताणून धरला. डायनामोची पुली रेषेबाहेर होती, म्हणूनच बेल्ट घासून तुटत होता. तिच्या मागे दोन कोरे वायसर, लोखंडी चकत्या, घातलेले होते.

"हे कुणी घातलं रं?"

"मीच," तो खाली बघत म्हणाला.

"वैतागून मी गाडी तुला विकावी म्हणून, व्हय?"

"न्हाई, आण्णा. तुमची लेक रेश्मा रडत आलती. तुमी घाटात कठड्याला गाडी लावून बसता, हे तिला कुणीतरी सांगितलं. म्हनली, आण्णांची गाडी घाटापत्तूर पोचू दिऊ नगा." मग त्यानं वर बघितलं. "खरं सांगा, तिथं कशाला जाताय?"

त्यानं वायसर काढून नवा बेल्ट चढवेपर्यंत मी थांबलो. मी किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"तू चालव," म्हणालो. "मला रेश्माकडं सोड."