आंघोळ

मुळ्यांच्या टेबलाजवळ कुणी बसेनासं झालं, तेव्हा सगळ्यांनी मलाच पुढे केलं. असली कामं नेहमी माझ्याच गळ्यात पडतात. रूम फ्रेशनर त्यांच्यासमोर ठेवून मी म्हटलं, "मुळ्ये, राग मानू नका, पण आंघोळ करत जा हो. वहिनी काही म्हणत नाहीत?"

"ती हल्ली बोलतच नाही."

"घरी पाणी येत नाही का?"

"भरपूर येतं. पण मॅडम, माणूस गेलं की त्याला पोचवून आल्यावर आपण आंघोळ करतो ना? मी डोक्यावरून पाणी घेतलं, तर ही गेली असं होईल."

"वहिनी कुठे आहेत?"

"घरीच. पलंगावर." त्यांनी फ्रेशनर हुंगून पाहिला आणि डब्याच्या पिशवीत ठेवला. "हा नेतो हं. शेजारीही आता कुरकुर करायला लागलेत."