डबल सीटची साक्ष

नात अक्षताचं लग्न फेब्रुवारीतून जूनमध्ये ढकललं, त्या वर्षीची गोष्ट. हातात खडू घेऊन विमला फळ्यासमोर उभी होती.

घाटकोपरच्या टेकडीवरच्या विहारात बायकांच्या अक्षरवर्गाची स्पर्धा रंगात आली होती. वर्ग घेणाऱ्या शीतलमॅडमनी यंदा शब्द दिला होता, डबल. त्याला जोडून तोंडात बसलेले इंग्रजी शब्द फळ्यावर आपल्या अक्षरांत लिहायचे. अट एकच. शब्द स्वतः जगलेला हवा आणि ते बघितलेला साक्षीदार तिथं हजर हवा. साक्ष नाही तर शब्द पुसला.

मान मोठा होता. वर्षभरात वस्तीतली जी माणसं गेली, त्यांची नावं बुद्धपौर्णिमेला माइकवरून जिंकणारी बाई वाचणार. गेल्या साली मालननं वाचली होती.

मालननं डबल डेकर लिहिलं. विमलानं डबल ड्युटी. मग विमलानं डबल बेड लिहिलं आणि बायका पदरात तोंड खुपसून हसल्या.

"आता ह्याचा साक्षीदार कोण गं?" मालन ओरडली.

"मी!" मागून शेजारचा धोंडिराम उठला. "तो पलंग जिन्यावरून चढवताना माझा अंगठा चेचला. बघा, अजून वाकडा आहे!"

मालनही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिनं डबल न्यूमोनिया लिहिलं, एकही अक्षर न चुकता. टाळ्या पडल्या. पुढचं डबल ग्रॅज्युएट मात्र पुसलं गेलं, कारण ग्रॅज्युएट तिचा भाचा होता, ती नव्हे.

आता विमलाचा शेवटचा शब्द. टिकला तर मान तिचा. नाही तर बरोबरी, आणि बरोबरीत जुन्या विजेतीचाच मान.

दोन वर्षं वर्गात पेंगणारी ही बाई गेले तीन महिने पहिल्या रांगेत बसत होती. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, दिसेल ते वाचत होती. शीतलमॅडम मुलुंडहून यायच्या, त्यांना वस्तीतलं फारसं ठाऊक नव्हतं. "आजी, माइकची एवढी हौस?" त्यांनी एकदा विचारलं होतं. "आहे," विमला एवढंच म्हणाली होती.

तिनं खडू टेकवला. डबल सीट.

"सायकलवरून," ती म्हणाली. "घाटकोपर ते विक्रोळी. नव्या लग्नात. रोज."

"साक्षीदार?"

धोंडिरामनं मान खाली घातली. तो वस्तीत नंतर आला होता. त्या काळची माणसं आता उरली होती कुठं? शीतलमॅडमनी डस्टर उचललं.

"थांबा." मालन उभी राहिली. "मी बघितलंय."

सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले. ही साक्ष म्हणजे तिची स्वतःची हार होती.

"डबल सीट पकडून हवालदारानं चाकातली हवा सोडली होती. शिवदासभाऊ घामाघूम होऊन पंप मारत होता आणि ही महाराणी फुटपाथवर बसून भजी खात होती. मला एक दिलंन् नाही!"

विहार हसण्यानं दणाणला. विमला हसता हसता डोळे पुसू लागली.

"रडतेस काय," मालन जवळ येऊन हळूच म्हणाली. "आवाज तयार ठेव. माइकवर अडखळलीस तर याद राख."

पौर्णिमेला विमला अडखळली नाही. अकरा नावं तिनं खणखणीत वाचली. बाराव्यावर बोट ठेवलं, एकेक अक्षर डोळ्यांनी नीट लावून घेतलं आणि माइक जवळ ओढला.

"शिवदास मार्तंड तांबे. माझे मालक. तीन फेब्रुवारी दोन हजार चोवीस रोजी वारले."