प्लास्टरच्या आत

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाच्या पेटीवर लावला, तेव्हा द्वारकाने मान खाली घातली आणि मांडीवरच्या कौशीच्या जावळातून ती उगाच बोटं फिरवत राहिली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

कौशी दहा महिन्यांची. खुब्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले होते, अजून सहा काढायचे होते. बरगड्यांपासून दोन्ही घोट्यांपर्यंत प्लास्टर, पाय फाकवलेले, मध्ये आडवी काठी. तिला मांडीवर घेणं म्हणजे पाट घेऊन बसणं. रिक्षात सरळ मावत नाही, म्हणून औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यापर्यंत तिला तिरकी धरून आणली होती. चार दिवस पोरगी सारखी रडत होती. दूध पाजून झालं, वारा घालून झाला, ओल्या फडक्याने मान पुसून झाली. घरात कुणी धड जेवलं नव्हतं, आणि द्वारकाला तर घास उतरतच नव्हता.

कारण सोमवारी तिने करू नये ते केलं होतं. प्लास्टरमध्ये काही घालायचं नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण उन्हाळ्याचे दिवस, आत घाम, आणि खाजवायला हात पोचत नाही म्हणून लेकरू डोकं आपटतंय, हे किती दिवस बघायचं? तिने खराट्याची काडी घेतली, टोकाला कापूस गुंडाळला आणि पोटाजवळच्या कडेतून आत सरकवली. कौशी हसली. दीड महिन्यात पहिल्यांदा हसली. द्वारकाने आणखी आत सरकवली, तेव्हा काडी मोडली. अर्धी हातात आली, अर्धी आतच राहिली. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"खुबा जागेवर आहे," डॉक्टर म्हणाले.

चिकलठाण्याच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेल्या बन्सीने मोठा श्वास सोडला. पण डॉक्टर फोटोपुढून हलले नाहीत. पेनाने एका जागी टकटक करत त्यांनी हे काय, असं विचारलं. हाडाच्या बाजूला एक पांढरी नळी दिसत होती, बोटाच्या पेराएवढी. ऑपरेशनमध्ये त्यांनी असलं काही घातलेलं नव्हतं.

द्वारकाने मान वर करून नीट पाहिलं. काडी एवढी जाड नव्हती.

दाराशी उभी असलेली साळूबाई पुढे आली. बन्सीची आई, नातीच्या ऑपरेशनसाठी पिशोरहून आलेली. हरवलेली वस्तू ओळखावी तशी ती फोटोजवळ वाकली.

"ताईत हाय तो. करदोट्यातला."

ऑपरेशनआधी नर्सने करदोटा कापून तिच्या हातात ठेवला होता. पाच आठवडे तो तिने पदराच्या गाठीत सांभाळला. पण करदोट्याबिगर लेकरू उघडं पडलंय, हे काही तिच्या मनातून जाईना. पिशोरला वासराचाही गळा कुणी मोकळा ठेवत नाही. म्हणून मागच्या आठवड्यात तिने तो दोऱ्यासकट पोटाकडून आत सारला. कमरेवर राहील असं तिला वाटलं होतं, तो खाली घसरला.

बन्सी डॉक्टरांसमोरच आईवर घसरला. शिकलेली माणसं जीव तोडून सांगतात आणि तू आपलंच घोडं दामटतेस, लेकराचा पाय गेला असता तर तू देणार होतीस का, असं बरंच काही बोलला.

डॉक्टरांनी प्लास्टरवर पेन्सिलीने चौकोन आखला. तेवढंच कापून ताईत काढता येणार होता. मग त्यांनी तिघांकडे पाहिलं.

"आणखी काही आत असलं तर आत्ता सांगा. काडी, कापूस, असलं फोटोत दिसत नाही. टाक्यांपर्यंत गेलं तर पू होईल. मग सगळं प्लास्टर काढावं लागेल, आणि खुबा निसटला तर पुन्हा पहिल्यापासून."

फोटोत दिसत नाही. द्वारकाला पहिल्यांदा एवढंच ऐकू आलं, आणि त्याची तिला लाज वाटली. दोषाला धनी मिळाला होता, बन्सीचा राग तिथे उतरला होता. कौशीचा आवाज रडून रडून बसला होता.

"काडी बी हाय एक," साळूबाई म्हणाली. "खराट्याची. ती बी माझीच."

द्वारकाने चटकन वर पाहिलं. घरात खराटा फिरायचा तो साळूबाईच्या हातून. मोडलेली अर्धी काडी पलंगाखाली तिलाच सापडली असणार. चार दिवस म्हातारी त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. द्वारकाचा डोळा लागला की नातीला उचलून घ्यायची, एवढंच.

"बास झालं, माय," बन्सी म्हणाला. "आजच्या संध्याकाळच्या एसटीत बसवतो तुला. पिशोरलाच राहा."

नर्सने कौशीला टेबलावर निजवलं आणि हात धरायला आईला बोलावलं. डॉक्टरांनी प्लास्टर कापायचं यंत्र उचललं. द्वारकाने एका हाताने लेकीची दोन्ही मनगटं धरली आणि दुसऱ्या हाताचं बोट प्लास्टरच्या डाव्या कडेवर टेकवलं.

"इथनं घातली होती, साहेब. काडी माझी हाय."

मग बन्सीकडे न बघताच ती म्हणाली, "पिशोरची तिकिटं दोन काढा. एक माझं."