कलम नऊ

"कालपर्यंत हे कलम नव्हतं," साहेब म्हणाले. "एका रात्रीत उगवलं?"

"सकाळी," युनियनच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "चहाच्या आधी."

कलम नऊ (हाताने लिहिलेलं). हँगरमधून ऑफिसात गेलेल्या माणसाचं पद रद्द झालं, तर त्याला हँगरमधल्या जुन्या कामावर परत येता येईल.

पहिल्या तारखेला ही छोटी विमान कंपनी मोठीत विलीन होणार होती. हँगरमध्ये त्रेसष्ट मेकॅनिक होते. त्यांच्या नोकऱ्यांचा करार तेवढा बाकी होता, आणि मोठ्या कंपनीने तो साहेबांवरच सोपवला होता. बैठक त्यांच्याच खोलीत होती. दारावर त्यांच्या पदाची पितळी पाटी. युनियनचे सर्वांत जुने सभासद दाजी आत येताना ती दरवेळी मोठ्याने वाचत. आजही वाचली.

चहाच्या आधी. मोठ्या कंपनीच्या वकिलाने बाईंना एक पाकीट दिलं होतं. ऑफिसातल्या रद्द होणाऱ्या पदांची यादी. सह्या होईपर्यंत गुप्त. बाहेर फुटली तर करार बारगळेल, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. बाईंनी ती जिन्यात उभ्याउभ्याच वाचली, पर्समध्ये ठेवली आणि दाजींकडे पेन मागितलं.

कलम तीन. त्रेसष्ट जणांपैकी कुणालाही ____ वर्षं कामावरून काढता येणार नाही.

"तीन लिहा," साहेब म्हणाले.

"पाच," बाई म्हणाल्या.

"तीनसुद्धा मी भांडून आणलीत."

बोलताना साहेब बारीक तारेचा तुकडा बोटांत पिळत होते. जुनी सवय. बारा वर्षांपूर्वी तेही हँगरमध्येच होते. दोन नट एका तारेने असे बांधायचे, की एक सैल व्हायला लागला तर दुसरा त्याला धरून ठेवील, हे बाईंना शिकवलं त्यांनीच. तेव्हा ते त्यांना 'अगं' म्हणत. आता 'अहो' म्हणत.

"तुमची हत्यारांची पेटी आहे अजून," दाजी म्हणाले. "मी तिच्यावर बसून डबा खातो."

"मोडू नका म्हणजे झालं."

पुन्हा कलम नऊ. "अहो, सरळ बोलू," साहेब म्हणाले. "तुमचा भाऊ गेल्या वर्षी हँगरमधून भांडाराच्या ऑफिसात गेला. हे त्याच्यासाठीच ना?"

बाईंनी पाण्याचा ग्लास सरकवला. "ज्याला लागेल त्याच्यासाठी."

"हा वशिला झाला."

"राहू द्या ना साहेब. तुमचं काय जातंय?"

"तत्त्व जातं. एकदा वर गेलेला माणूस पडला की खाली गादी घालून ठेवायची? मी गेलो तेव्हा मला कुणी घातली होती?"

दाजी हसले. बाई हसल्या नाहीत.

"एकदा वाचून तरी बघा," त्या म्हणाल्या. "सावकाश. कुणाकुणाला लागू होतं ते."

"वाचलं. असं करू. नऊ खोडा, तीनमध्ये पाच लिहितो. आत्ताच्या आत्ता."

दाजींनी टेबलाखालून बाईंच्या चपलेला पाय लावला. बाई काचेतून खाली बघत राहिल्या. एका विमानाचं इंजिन उघडं होतं आणि चौघं त्यात कोपरापर्यंत हात घालून उभे होते. दोघांच्या घरी लहान मुलं होती. एकाचं लग्न ठरलं होतं.

"नऊ राहू द्या, चार लिहा," बाई म्हणाल्या.

दाजींनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"पाच, नऊशिवाय," साहेब म्हणाले. "नाहीतर तीन."



~~कलम नऊ.~~ बाईंनी स्वतःच रेघ मारली. एकदा, मग त्याच रेघेवरून पुन्हा. सह्या झाल्या. दाजी बातमी सांगायला खाली गेले. जिन्यावर त्यांची पावलं वयाला न शोभेल इतकी भरभर वाजली.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. चेहरा मऊ झाला. कितीतरी वर्षांनी ते जुन्या सुरात म्हणाले, "अगं, भावाचं मनाला लावून घेऊ नकोस. त्याला अडचण आली तर मी बघेन. मी आहे ना इथे."

बाईंनी पर्समधून पाकीट काढून त्यांच्यासमोर ठेवलं.

"भावाचं पद यात नाही," त्या म्हणाल्या.

यादीत एकच ओळ होती. तीच ओळ बाहेर दारावर पितळेत कोरलेली होती.