जाळीतला एक अणू

गाईडना ओरडायला श्रोते लागतात, म्हणून त्यांनी सगळ्या लॅबला माझ्या टेबलाभोवती गोळा केलं. कॉम्प्युटरवर रचलेल्या कार्बनच्या जाळीतून मी एक अणू काढून टाकला होता. आता इलेक्ट्रॉन कसे धावतात, ते सिम्युलेशनमध्ये बघायचं होतं. स्क्रीनवरचा आलेख वेड्यासारखा उड्या मारत होता.

"पीएच.डी.चं तिसरं वर्ष ना तुझं? लाज नाही वाटत?" ते कडाडले. "अणू काढलास आणि लगेच इलेक्ट्रॉनांच्या मागे लागलास? अरे, मधला एक गेला की आजूबाजूचे सगळे जागचे हलतात. आधी त्यांना सावरायला वेळ द्यायचा, मगच पुढचं गणित. नाहीतर हा असला कचरा हाती येतो. एवढीही अक्कल नाही?"

कुणी मान वर केली नाही. मी मात्र केली.

"आहे ना, सर. आई गेली तेव्हा मीही वेळच मागितला होता. तुम्ही तिसऱ्या दिवशी फोन करून बोलावून घेतलंत. हा कचरा चौथ्या दिवसाचा आहे."